अकरा तुटक्या वायरी आणि कुंदाची चावी

चिंचणीच्या कुंदाला मी एक नवी गाडी घ्यायला लावली होती. का, तर ती गाडी बाजारात येऊन वर्ष झालं तरी तिचा साधा स्क्रूसुद्धा मागायला माझ्या काउंटरवर कुणी आलं नव्हतं. यावरून मी शोध लावला की ही गाडी बिघडतच नाही. शोध लावला तेव्हा मी काही लहान नव्हते. बावन्न वर्षांची होते. बोईसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटर सांभाळला होता, नाकावर चष्मा होता आणि समोरच्याकडे चष्म्यावरून बघायची सवय होती. तसंच चष्म्यावरून बघत मी कुंदाला म्हणाले, "डोळे झाकून घे."

झाकलेले डोळे माझे होते. नवी गाडी पहिली दोन वर्षं वॉरंटीत असते. त्या काळात काही मोडलं तर ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. ती माझ्या दारात कशाला येईल? शाळेला सुट्टी असताना फाटकापाशी उभं राहून "इथली मुलं किती शांत हो" म्हणावं, तसलं माझं ते अनुमान होतं. बाकी कुणी ही चूक केली नसती. ती करायला काउंटरच्या मागे एकोणीस वर्षं बसावं लागतं.

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, नोकरीविषयी लिहा, अगदी पहिल्यापासून. पहिल्यापासून लिहायला काय आहे? कराडकडून लग्न होऊन बोईसरला आले, हे एमआयडीसीत फिटर होते, मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी दुकानात लागले. काउंटरच्या ज्या बाजूला पहिल्या दिवशी उभी राहिले त्याच बाजूने एकसष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. मधे फक्त स्टूल बदललं. म्हणून मी त्या वायरींचंच सांगते. सध्या माझी नात सायली नवी गाडी घ्यायची म्हणून माझं डोकं खातेय, त्यामुळे ते प्रकरण वर आलं आहे.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊ माणसांना हव्या त्या वस्तूचं नाव माहीत नसायचं. "ते वाकडं असतं ना, चाकाच्या आतल्या अंगाला, रबराचं," असं म्हणून ते हवेत बोटांनी काहीतरी काढायचे. त्यावर उपाय एकच. मोडलेला तुकडा घेऊन या. त्याला आम्ही सँपल म्हणायचो. सँपल काउंटरवर ठेवायचं, मी तसाच नवा भाग मागच्या रॅकमधून काढायची, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायची, आणि गिऱ्हाईक नवा घेऊन जायचं. जुना तुकडा माझ्यापाशीच राहायचा. मालकांना, म्हणजे शेठना, तो भंगारात टाकायचा असायचा. मी तो तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, पण त्याआधी दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. कुठली गाडी, कुठल्या गावची, किती वर्षं चालली, चालवतं कोण.

"शैलाबेन, लोक टपाल तिकिटं जमवतात," शेठ म्हणायचे.

"तिकिटांवर ग्रीस नसतं," मी म्हणायची.

चार-पाच वर्षांत मला त्या डब्यांनी एवढं शिकवलं की नुसता तुकडा बघून मी गाव सांगू लागले. चिंचणीचा बोल्ट खारट हवेने पापुद्रे सुटलेला असायचा. एमआयडीसीतल्या गाडीचं रबर कारखान्यांच्या धुराने कडक व्हायचं आणि त्याला भेगा पडायच्या. मासवणकडचा तुकडा आला की आधी त्यातली माती पडायची, मग तुकडा. मनोरची गाडी हायवेवर पळणारी, तिचे ब्रेक पॅड पापडासारखे पातळ होऊन यायचे.

एकदा एक गृहस्थ बोल्ट घेऊन आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "गाडी कायम पालघरात, कव्हरखाली असते," कुणी विचारलेलं नसताना त्यांनी सांगितलं. मी बोल्ट उलटा केला आणि म्हणाले, "कव्हर किनाऱ्यावर अंथरलं होतं का? हा तर समुद्राजवळचा आहे." त्यांच्या मागे उभा असलेला माणूस पुढे आला. त्याने मला नमस्कार केला आणि बाहेर जाऊन दोघांचं काय बोलणं झालं कोण जाणे, पांढरा शर्ट पुन्हा आमच्या दुकानात दिसला नाही. मागचा माणूस ती गाडी विकत घ्यायला निघाला होता.

अशा गोष्टी दोन-तीन घडल्या आणि मी हवेत गेले. लोक गाडी घेण्याआधी विचारायला येऊ लागले. "काकू, ही घेऊ का ती?" मी लगेच उत्तर देत नसे. चष्मा पुसायची, छताकडे बघायची, मग बोलायची. आता ते आठवलं की त्या बाईला काउंटरवरून वाकून एक टपली मारावीशी वाटते.

कुंदा माझी मैत्रीण झाली ती चाफ्यामुळे. चिंचणीला तिच्या सासरची वाडी आहे. नारळ, चिकू, भाजी आणि कुंपणाच्या कडेने सोनचाफा. चाफा ती पहाटे काढायची आणि बोईसरच्या फुलवाल्यांना नेऊन द्यायची. वाटेत माझ्या काउंटरवर एक ठेवायची. ग्रीस, रबर आणि बॅटरीच्या पाण्याच्या वासात ते एक फूल दुपारपर्यंत एकटं लढायचं.

चाफा तासाभरात पोचला तर सोनं, दुपार झाली तर तपकिरी काडी. आणि कुंदाला पोचवणार कोण? तर तिचे यजमान, प्रभाकरभाऊ. माणूस सज्जन. पण त्यांचा चहा व्हायचा, पेपर व्हायचा, ओटीवर आलेल्या प्रत्येकाशी बोलणं व्हायचं, मग स्कूटर सुरू व्हायची. शेवटी कुंदा सेहेचाळीसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकली, लायसन मिळवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"शैले, बारकी गाडी घ्यायची हाय. दहा वर्सं टिकली पायजे. एकदाच घेनार मी. ती बिगडली ना, तर आमच्या घरात परत कोन माज्या हातात चावी नाय द्यायचा."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिने. मी चष्मा पुसला, छताकडे बघितलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गाडी आली. पांढरी, छोटी, मागच्या सीटवर चाफ्याच्या टोपल्या. कुंदा दुकानासमोर थांबून हॉर्न वाजवायची आणि खिडकीतून हात काढून फूल द्यायची. उतरायचीसुद्धा नाही. सव्वा वर्ष हा थाट चालला. त्या काळात प्रभाकरभाऊ मला एकदा बाजारात भेटले, तर म्हणाले, "वैनी, आमच्या हिला तुमी वारा घातलाव." मला ती शाबासकी वाटली.

मग एक दिवस कुंदा उतरून आत आली. "क्लच पायाला जड लागते गं," ती म्हणाली. "आदी असा नव्हता."

गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे माझं पाठ होतं, मी तिला तेच सगळं सांगितलं. क्लचवर पाय ठेवून चालवायची नाही. नव्या ड्रायव्हरला ती सवय असतेच. अर्धा दाबायचा नाही. आणि या उंच टाचेच्या चपला आधी बदल, सपाट घाल. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सपाट चपला घालून आली. मला केवढं समाधान!

आठवड्याभरात चिंचणी-बोईसर रस्त्यावर, भर सकाळी, मागे एसटी हॉर्न मारत असताना क्लचचा पेडल खाली गेला तो वर आलाच नाही. गिअर पडेना, गाडी हलेना. बसमधले लोक उतरून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "बाई चालवते वाटतं." दोन तासांनी प्रभाकरभाऊ स्कूटरवरून एका मेकॅनिकला घेऊन पोचले. क्लचची वायर तुटली होती. मेकॅनिकने दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची वायर जुळवून बसवली आणि हात पुसत म्हणाला, "वैनी क्लच जास्त दाबत असतील." तोवर चाफा टोपलीत काळा पडला होता.

त्या दिवसापासून चावी प्रभाकरभाऊंच्या बनियनच्या खिशात गेली. गाडी वॉरंटीत असूनही त्यांनी ती सर्व्हिस सेंटरला दाखवली नाही. का, तर म्हणे, "बायकोनं वायर तोडली असा त्या लोकांना कोन सांगेल? हसतील." मग तेच गाडी चालवू लागले. म्हणजे चहा, पेपर, ओटी, मग गाडी. माझ्या काउंटरवरचं फूल आधी उशिरा आलं, मग तपकिरी आलं, मग यायचं बंद झालं. फुलवाल्यांनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती.

आणि मी काय करत होते? मी कुंदाबद्दल हळहळत होते. बिचारी. उशिरा शिकली ना.

त्याच सुमारास रामसूरत एक वायर घेऊन आला. तारापूर रोडला त्याचं गॅरेज होतं. बोलणं कमी, काम चोख. त्याने तुटकी वायर काउंटरवर ठेवली. "भाभीजी, इसका नया वायर है क्या?"

गाडी कुंदाच्याच मॉडेलची. त्या गाडीचा माझ्याकडे आलेला तो पहिला तुकडा. मी म्हणाले, "कोई नया ड्राइवर होगा. क्लच पे पैर रखता होगा."

"नया?" रामसूरत हसला. "बीस साल से कंपनी की गाड़ी चला रहा है वो. मुझे सिखाता है."

नवी वायर माझ्याकडे नव्हती, मुंबईहून मागवली. चिठ्ठी बांधली, डब्यात टाकली. पंधरा दिवसांनी दुसरी आली. मग एकाच आठवड्यात दोन. बाजारात सुरुवातीला आलेल्या गाड्यांची वॉरंटी संपत चालली होती. शाळेची सुट्टी संपली, आणि मुलं एकदम फाटकातून आत आली.

पाचवी आल्यावर मी पाचही डब्यातून काढून शेजारी शेजारी ठेवल्या. क्लचची वायर म्हणजे सायकलच्या ब्रेकच्या वायरीची थोरली बहीण. आत पोलादी तारांचा पीळ, वरून काळं आवरण. माणसाच्या चुकीच्या सवयीने ती तुटली तर कुठेही तुटेल, कुणाची इथे, कुणाची तिथे. या पाचही गिअरबॉक्सकडच्या टोकापासून चार बोटांवर तुटल्या होत्या. पाचही. टोकाला एक रबरी टोपी असते, आत पाणी जाऊ नये म्हणून. या गाडीत ती टोपी आखूड होती. खालून उडालेलं पाणी आत शिरायचं आणि तिथेच बसून राहायचं. आमच्याकडच्या पाण्यात एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने कारखाने. तारा एकेक करून गंजायच्या, वायर फुगायची, क्लच जड व्हायचा आणि एक दिवस सगळं तुटायचं.

मी स्टुलावर बसले. शेठनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हणाले, "आहे, तब्येतच तेवढी बरी आहे."

खरं तर पाचव्या वायरीलाच मी चिंचणीची बस धरायला हवी होती. मी धरली नाही. अकरावी येईपर्यंत थांबले. लोकांना मी सांगते की भक्कम पुरावा हवा होता. पुरावा पाचलाही भक्कम होता. "मी चुकले" हे वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं, हे कारण होतं. एकोणीस-वीस वर्षं मी दुसऱ्यांना त्यांचं काय चुकलं ते सांगत आले होते. मी ते वाक्य घरी स्वयंपाक करताना म्हणून बघायची. यांनी एकदा ऐकलं आणि घाबरून विचारलं, "मीठ जास्त झालं का?"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पिशवीत अकरा वायरी घालून मी चिंचणीला गेले. प्रभाकरभाऊ ओटीवर होते. चहा झाला होता, पेपर चालू होता.

"या वैनी! काय आनलाव, भाजी?"

"तुम्हालाच दाखवायला आणलंय, भाऊ. तुम्हाला यातलं कळतं."

पुरुषमाणसासमोर लोखंडाची वस्तू ठेवावी आणि "तुम्हाला कळतं" म्हणावं, तो पेपर बाजूला ठेवतोच. मी ओटीवर अकरा वायरी ओळीने मांडल्या, तुटकी टोकं सगळी एका बाजूला. प्रभाकरभाऊ खाली वाकले आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचू लागले.

"तारापूर, कंपनीचा ड्रायवर, वीस वर्सं. पालघर, हवालदार, निवृत्त. मासवन, शाळेतले गुरुजी. मनोर, ढाबेवाले..." मधेच थांबून त्यांनी दोन वायरी हातात घेतल्या आणि टोकं जुळवून बघितली. मग तिसरी. "एकाच जागी तुटल्यात की ह्या!"

"हो ना. मला वाटतं, हे सगळे क्लचवर पाय ठेवून चालवत असतील."

"छ्या! काय बोलताव वैनी? अकराच्या अकरा? हवालदार काय क्लचवर पाय ठेवतो? वायरीतच खोट हाय. बगा ना, टोपी केवढी बारकी. पानी जानारच. कुनी बनवली ही, अक्कल नाय?"

"म्हणजे चालवणाऱ्याचा दोष नाही म्हणता?"

"अजिबात नाय!"

"मग बारावी कुठे आहे, भाऊ?"

त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. हातातल्या वायरी त्यांनी हळूच खाली ठेवल्या.

कुंदा वाडीतून आली होती. कमरेवर टोपली, टोपलीत चाफा. कधीपासून दाराशी उभी होती कोण जाणे. "बारावी ना?" ती म्हणाली. "ती काय तिथं. यांनीच बांदलीय."

प्रभाकरभाऊ काहीही वाया घालवत नसत. बायकोने तोडलेली वायर त्यांनी तोंडलीच्या मांडवाचा खांब आवळायला वापरली होती. कुंदाने टोपली खाली ठेवली, मांडवाकडे गेली, गाठ सोडली. मांडवाचा एक कोपरा सावकाश खाली बसला आणि तोंडलीचा वेल जमिनीला टेकला. ती वायर घेऊन आली आणि अकरांच्या शेजारी ठेवली. चार बोटं. मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

प्रभाकरभाऊंनी बारा वायरींकडे बघितलं. मग पडलेल्या मांडवाकडे. मग उठले. "चा करतो," म्हणाले आणि आत गेले.

कुंदा आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या घरात भाऊंनी चहा केल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. आतून भांडी पडल्याचे आवाज आले. साखर कुठे असते ते विचारायला ते एकदा बाहेर आले. शेवटी तीन कप घेऊन आले. चहा भयंकर होता. पण कुंदाच्या बशीत, कपाच्या कडेला, गाडीची चावी होती.

भाऊ बोलले, तेही माझ्याशी. "वैनी, ती तोंडली पडली बगा तुमच्यापायी."

त्या दिवशी मला बसने परत यावं लागलं नाही. निघण्याआधी मी कुंदाच्या गाडीखाली पाठीवर झोपून वायरीच्या टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि ग्रीस भरलं. बाकीच्या अकरांनाही मी तेच करायला लावलं होतं. मग कुंदाने मला बोईसरला सोडलं. त्या प्रवासात ती जे बोलली ते शेवटी सांगते, कारण आधी सायलीची गाडी आहे.

सायली फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे गुडघे हलवते. सकाळी पालघर, दुपारी मासवण, संध्याकाळी चिंचणी, अशी तिची पायपीट. तिला आवडलेली गाडी बाजारात येऊन सहा महिने झाले आहेत. "आजी, हिचा अजून कुणाला अनुभवच नाही. मग ही आठ-दहा वर्षं टिकेल का, हे आधी कसं कळणार?" असा तिचा प्रश्न.

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की गाडी नवी असली तरी सगळी नवी नसते. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन कुठल्यातरी जुन्या गाडीचं असतं, फक्त कपडे नवे असतात. आपल्याकडे स्थळ आलं की आपण मुलाच्या मामाची चौकशी करतो, तशी मी चौकशी केली. इंजिन जुन्या गाडीतलं निघालं. त्या जुन्या गाडीचे मालक शोधले. पहिल्या वर्षातले नाहीत, ते प्रेमात असतात. वॉरंटी संपून दोन पावसाळे काढलेले शोधले. त्यांची तक्रार एकच होती, एसीची.

मग मी सर्व्हिस सेंटरला गेले आणि ग्राहकांच्या सोफ्यावर विणकाम घेऊन दोन सकाळी बसले. शाळा भरलेली असताना जायचं, हे आता मला कळतं. त्यांनी मला दोनदा चहा दिला. कुणाची आजी आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. नव्या मॉडेलच्या गाड्या कशासाठी येतात ते मी विणता विणता ऐकलं. बहुतेकांची तक्रार पुढच्या स्क्रीनची. गाणी बंद पडतात म्हणे. गाणी बंद पडल्याने रस्त्यात कुणी अडकत नाही. पण एका गाडीचं दार लावताना आत पाणी हलल्याचा आवाज आला, ते मी लक्षात ठेवलं. दाराच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात. ती बुजली की दार आतून गंजतं.

त्यानंतर आम्ही पालघरच्या शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता भला होता. आधी त्याने मला खुर्ची दिली. मी खुर्चीवर न बसता फरशीवर आडवी झाले, तेव्हा त्याने पाणी मागवलं. त्याला वाटलं, चक्कर आली.

"काकू... म्हणजे आजी, काय होतंय?"

"काही नाही. टॉर्च धर."

मी रबरी टोप्या नखाने दाबून बघितल्या, तळाच्या वायरी कुठे उघड्यावर आहेत ते बघितलं, दाराची भोकं काडीने तपासली. भोकं होती आणि उघडी होती. गाडी वाईट नव्हती. मी उठत होते तेवढ्यात सायली बाहेर उभ्या असलेल्या तसल्याच दुसऱ्या गाडीतून चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आजी, छान आहे. पण ब्रेक दाबला की पायाला बारीक थरथर लागते."

विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, नवीन गाडीला तसं वाटतं. सवय होईल."

मी म्हणाले, "चाक काढा."

"अहो आजी, मॅडमना फक्त जाणवलं..."

"तिला जाणवलं ना? मग काढा."

त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी तोवर पुन्हा फरशीवर बसायची तयारी करत होते, म्हणून चाक निघालं. ब्रेकच्या डिस्कवर एका बाजूला गंजाचा जाड पट्टा होता. गाडी उघड्यावर पावसात भिजत, न हलता, बरेच दिवस उभी असणार. दोष मॉडेलचा नव्हता, त्या एका गाडीच्या नशिबाचा होता. पण पाय खोटं बोलत नव्हता. सायलीने नोंदवली ती दुसरी गाडी, आणि ती आली की आधी माझ्यासमोर चालवायची, असं लेखी घेतलं.

परतताना ती म्हणाली, "आजी, तू एवढं खाली झोपलीस, भोकं तपासलीस, आणि सगळं सोडून माझ्या एका वाक्यावर चाक काढायला लावलंस. मला गाड्यांमधलं काय कळतं?"

तिला मी काय सांगणार? त्या दिवशी चिंचणीहून बोईसरला येताना कुंदा नुसती गाडी चालवत होती. चावी परत आल्याच्या आनंदात असेल, असं मला वाटत होतं. मीच बडबडत होते. अकरा वायरी कशा जमवल्या, भाऊंना कसं बोलतं केलं, तुझ्यासाठी मी किती केलं. "मी चुकले" हे वाक्यही एकदाचं म्हणून टाकलं, दीड वर्ष वापरलेल्या काउंटरी अनुमानाबद्दल. दुकानापाशी तिने गाडी थांबवली, टोपलीतला एक चाफा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत म्हणाली,

"अकरा बाप्यांच्या वायरी जमवल्यास, बरा केलंस. पन क्लच जड लागते, असा मी तुला आदीच सांगितला होता शैले. तवा तू गाडीखाली नाय वाकलीस. माज्या चपला बगितल्यास."